रात्री घाटात बाईकचा हेडलाइट मंद होत गेला तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वरंधा घाट उतरताना हेडलाइट हळूहळू मंदावला, हॉर्नचा आवाज बसला आणि शेवटी एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून तुम्ही महाड गाठलंत. पुन्हा अशी वेळ आली तर ट्रकच्या मागे जाऊ नका, ही कळकळीची विनंती. खड्डा ट्रकखालून बाहेर पडतो तेव्हाच तुम्हाला दिसणार. शिवाय हेडलाइट मंदावलाय म्हणजे टेललाइटही विझत आलेला असतो, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

आता बिघाडाचं. लाइट एकदम गेला की हळूहळू, यावरून निम्मं निदान होतं. तुमचा हळूहळू गेला, सोबत हॉर्नही बसला, म्हणजे बॅटरीला चार्जिंग मिळत नव्हतं. मॅग्नेट कॉइल (इंजिनवर वीज तयार करणारी), आरआर युनिट (ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा त्या दोघांमधला कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड), यांतलं काहीतरी गेलंय. ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब एकटाच साडेचार अँपिअर ओढतो. बीएस-६ गाडीत फ्युएल पंप, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि इग्निशनचा भार त्यावर वेगळा. ८ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तासभरही हातात नाही असंच धरून चला. मोबाइल चार्जर, जादाचे फॉग लॅम्प लगेच बंद करा. सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. सेल्फ परत फिरेलच असं नाही आणि बॅटरी पार उतरली असेल तर इंजेक्शनची गाडी धक्का मारूनही चालू होत नाही. उजेड असलेली पहिली टपरी किंवा धाबा दिसला की थांबा. रस्ताच दिसेनासा झाला तर तेवढीही वाट पाहू नका. वळण टाळून, मागून लांबवर दिसेल अशा सरळ भागात गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या आणि स्वतः तिच्यापासून दूर उभे राहा. पावसाळ्यात दरडीखाली मात्र नको.

थांबल्यावर आधी आरआर युनिटचा कपलर बघा. आमच्या एका मित्राच्या गाडीचा मी उघडला तेव्हा पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका पिनेभोवती वितळलं होतं, जळका वास येत होता. कॉइलकडून येणाऱ्या तीन एकाच रंगाच्या, बहुतेक पिवळ्या, वायरी आम्ही कापून पलीकडच्या तीन वायरींना थेट पिळल्या. या तिघींत कोणती कोणाला जोडली याने फरक पडत नाही. फक्त तिन्ही जोडांवर वेगवेगळी टेप हवी, एकमेकींना चिकटता कामा नयेत. घरापर्यंत तेवढ्यावर भागतं, नंतर नवा कपलर टाकायचाच.

लाइट आणि इंजिन दोन्ही एकदम गेले तर बॅटरीचं टर्मिनल हलवून बघा, दणक्यांनी नट सैल होतो. मग मेन फ्यूज. नवा फ्यूज लावताक्षणी उडाला तर दुसरा लावू नका, कुठेतरी शॉर्ट आहे. बाहेरून बसवलेले लॅम्प आधी सोडवा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालण्याचा सल्ला रस्त्यावर हमखास मिळतो, तो अजिबात ऐकू नका. मग फ्यूजऐवजी टाकीखालची वायरिंग जळते. फ्यूज ठीक असेल तर चावी चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा. एका टोकाला लाइट लुकलुकला तर हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटलीय. हँडल सरळ ठेवून लाइट येतो अशा स्थितीत ती टायने बांधली तरी ती वळणावर पुन्हा दगा देऊ शकते, म्हणून तेवढ्यावर घाट उतरू नका.

सीटखाली त्याच अँपिअरचे फ्यूज, टेप, केबल टाय, १० नंबरचा पाना आणि डोक्याला लावायची टॉर्च असू द्या. एक साधा मल्टिमीटरही घ्या. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि हेडलाइट चालू ठेवून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. रेस देऊनही आकडा १३ च्या वर जात नसेल तर त्या संध्याकाळी निघू नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.