‘ते लोक असेच’ : संथ प्रवासावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी संथ प्रवासाबद्दल लिहिलं होतं. एकाच ठिकाणी जास्त दिवस मुक्काम, आणि जमेल तिथे विमान सोडून रेल्वे, बस किंवा सरळ पायी. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेलीही होती, आणि त्यांचा राग मला समजतो. त्यांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देते.

ताई, मला वर्षाला सलग दहाच दिवस रजा मिळते. त्यात सहा शहरं बघायचा बेत ठरलाय. तुमचा संथ प्रवास म्हणजे ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्यांचीच गोष्ट नाही का?

वेळेबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. दहा दिवसांचे तीस करा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण तुमचा बेत एकदा कागदावर मांडून बघा. सहा शहरं म्हणजे मधली पाच स्थलांतरं. सामान भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, नव्या गावात खोली शोधा, किल्ली मिळेपर्यंत ताटकळा. प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. म्हणजे दहांतले अडीच-तीन दिवस बॅगेसोबतच संपले.

त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. या धावपळीत भेटतं कोण? काउंटरवरचा माणूस, तिकीट तपासणारा, टॅक्सीवाला, गाइड. या सगळ्यांचं कामच मुळी प्रवाशांशी असतं. दिवसभर आपल्यासारख्या शेकडो जणांना तोंड देऊन ते थकलेले असतात. त्यांच्यावरून आपण अख्ख्या समाजाबद्दल मत बनवतो आणि घरी येऊन ते ठासून सांगतो.

तेच दहा दिवस एका गावात काढून बघा. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली बस पकडा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा, परत या. सार्वजनिक वाचनालयात रोज तासभर बसा, भाषा कळत नसली तरी. पहिल्या दिवशी तुमच्याकडे कोणी बघणारही नाही. चौथ्या दिवशी कोणीतरी मान हलवेल. सातव्या दिवशी एखादं माणूस हाताने विचारेल, काल कुठे होतात? त्या गावात तुमची उणीव कोणालातरी जाणवली, हे सहा शहरांच्या बेतात बसत नाही. पैशाचं म्हणाल तर मधला प्रवासखर्च वाचतो आणि आठवड्याच्या बोलीवर खोलीही बहुधा स्वस्त पडते.

प्रवासाने दृष्टी विशाल होते वगैरे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तुमचं स्वतःचं मत नेमकं कुठे आणि कसं बदललं, ते सांगाल का?

सांगते. जपानमधलं शिकोकू बेट. तिथे ८८ मंदिरांची जुनी पदयात्रा आहे, कूकाई (७७४–८३५) या बौद्ध आचार्यांच्या नावाने. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात. पूर्ण फेरी सुमारे १,२०० किलोमीटरची. मी पहिली ३९ मंदिरं केली, २६ दिवसांत, चालत.

त्याआधी तीन दिवस तोक्योत होते. तेवढ्यात वहीत लिहूनही टाकलं होतं : ‘सभ्य माणसं, पण परक्याला जवळ करत नाहीत. भावना दाखवत नाहीत.’ आधार काय, तर गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही.

शिकोकूत दुसऱ्याच दिवशी एक बाई स्कूटर थांबवून उतरल्या. हेल्मेट काढलं, टोपलीतून दोन संत्री काढून दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली आणि खोल वाकून नमस्कार केला. मी पैसे काढायला लागले तशा त्या एक पाऊल मागे सरल्या. ‘ओ-सेत्ताई,’ एवढंच म्हणाल्या. म्हणजे यात्रेकरूला द्यायची भेट. पुढे हे रोज व्हायला लागलं. कोणी जुन्या कापडाची शिवलेली छोटी पिशवी दिली, कोणी थंड पाण्याची बाटली. वहीत नवं मत आलं : ‘गावाकडची माणसं फार मायाळू.’ तेही पहिल्याइतकंच घाईचं होतं.

आठव्या दिवशी वाटेवरच्या एका विसाव्याच्या छपराखाली एक वयस्क यात्रेकरू भेटले. त्यांची चौथी फेरी होती. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. त्यांनी विचारलं, देणाऱ्यांना तुम्ही काय देता? म्हटलं, पैसे देऊ करते, कोणी घेत नाही. त्यांनी झोळीतून पांढऱ्या कागदी पट्ट्यांचं एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. या पट्ट्यांना ओसामेफुदा म्हणतात. त्यावर आपलं नाव लिहून मंदिरात ठेवायची, आणि ज्याने काही दिलं त्याच्या हातात द्यायची. मग त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या अंगरख्याकडे बोट केलं. त्यावर चार अक्षरं होती, ‘दोग्यो निनिन’. वाटेवर दोघे जण. यात्रेकरू एकटा नसतो, कोबो दाइशी त्याच्यासोबत चालतात अशी श्रद्धा.

म्हणजे त्या बाईंचा नमस्कार माझ्यापुरता नव्हता. त्यांना स्वतःला चालायला जाता येत नव्हतं, म्हणून त्या माझ्या चालण्यात आपला वाटा घालत होत्या. पट्टी ही त्या वाट्याची पोच. मी मात्र आठवडाभर त्यांना नुसत्या दयाळू समजत होते आणि त्यांची पोच न देताच पुढे जात होते. त्या रात्री वीस पट्ट्या लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी एका दुकानाच्या दारात बसलेल्या आजोबांना पहिली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली.

पुढचा प्रसंगही सांगायलाच हवा. २३वं आणि २४वं मंदिर यांच्यात सुमारे ७५ किलोमीटरचं अंतर आहे. मध्ये एकही मंदिर नाही, डाव्या हाताला समुद्र. घोटा दुखत होता. मुक्कामाचं घर आधी सांगून ठेवलेलं, पण उशीर होईल असा फोन मी केला नाही. सहाला पोचायचं ते साडेसातला पोचले. घरमालकांनी दार उघडलं आणि मोठ्या आवाजात मला फैलावर घेतलं. चेहरा लाल झालेला, हात थरथरत होते. शब्द कळले नाहीत, राग पुरेपूर कळला. सकाळी त्यांच्या पत्नीने फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने सांगितलं : ते दोनदा गाडी काढून मला शोधायला मागच्या बोगद्यापर्यंत जाऊन आले होते. मी निघाले तेव्हा माझ्या बुटांशेजारी घोट्याला बांधायच्या पट्टीचा गुंडाळा ठेवलेला होता. ते स्वतः बाहेर आले नाहीत.

त्यानंतर मी ‘जपानी माणसं’ या शब्दांनी वाक्य सुरू करायला गेले की तो गुंडाळा डोळ्यांपुढे येतो आणि वाक्य पुढे सरकत नाही.

मी एका देशात पाच आठवडे राहून आले. जाताना जे प्रेम होतं ते येताना उरलं नाही. आवाज, कचेऱ्यांतली दिरंगाई, टक लावून बघणं, सगळ्याचा वीट आला. संथ प्रवासाने माझं मत आणखी वाईटच झालं. माझं काही चुकलं का?

नाही. उलट तुमचं पत्र मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं.

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रातलं मोठं नाव. लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून अभ्यास करायची पद्धत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. १९१५ ते १९१८ या काळात तो दोनदा न्यू गिनीजवळच्या त्रोब्रिआंड बेटांवर जाऊन राहिला. त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याची खाजगी डायरी प्रसिद्ध झाली आणि अनेकांना धक्का बसला. ज्यांच्याबद्दल त्याने इतक्या समजुतीने लिहिलं, त्यांच्याविषयी डायरीत चिडचिड आहे, तुच्छताही आहे. माझ्या मते दोन्ही खरं आहे. नुसतं राहिल्याने मन आपोआप स्वच्छ होत नाही. चिडचिड होते, आणि समजूत कष्ट करून मिळवावी लागते.

अल् बेरूनीचं उदाहरण मला अधिक जवळचं. मध्य आशियातला हा विद्वान अकराव्या शतकात संस्कृत शिकला आणि १०३०च्या सुमारास भारतावरचा मोठा ग्रंथ लिहिला. सुरुवातीलाच, या लोकांना समजून घेणं अवघड का आहे याची कारणं त्याने मांडली आहेत. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखं शास्त्र नाही असं इथल्या लोकांना वाटतं, ही तक्रारही त्यात आहे. म्हणजे गोड बोलणारा तो नव्हता. पण विद्वानांचं मत आणि सामान्यांची समजूत यांची त्याने कधी सरमिसळ केली नाही. आणि त्याला विचित्र वाटलेल्या चालीरीती सांगून झाल्यावर, इस्लामपूर्व अरबांमध्ये काय काय होतं याचीही त्याने आठवण करून दिली.

तुम्हीही तेच करून बघा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमची तक्रार, उजवीकडे आपल्यातली तशीच गोष्ट. काही ओळींना उजवीकडे काहीच सापडणार नाही. ते तसंच राहू द्या. एखादी रीत अन्यायाची वाटली तर ती अन्यायाचीच म्हणा, पण तिथेच राहून तिच्याविरुद्ध झगडणारं कोण आहे हेही शोधा. दोन दिवसांत ती माणसं दिसत नाहीत, पाच आठवड्यांत दिसू शकतात.

आणखी एक. पत्राच्या पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘ते लोक मुळातच बेफिकीर.’ तिसऱ्या पानावर लिहिलंय की घरमालकिणीचा भाऊ कामावर खाडा करून तीन तास तुमच्यासोबत कचेरीत बसला. मी तिसऱ्या पानावर विश्वास ठेवीन.

विमानाऐवजी जमिनीवरून गेल्याने प्रदूषण कमी होतं हे कळलं. पण संस्कृती समजायला त्याने काय फरक पडतो?

विमानाने गेलं की एका भाषेतून उठून थेट दुसऱ्या भाषेत उतरतो. मधलं काही दिसतच नाही. स्वित्झर्लंडमधलं बाझल घ्या. तिथून साधी ८ नंबरची ट्राम जर्मनीत जाते आणि ३ नंबरची फ्रान्समध्ये. नकाशावर तीन देश, पण तिन्हीकडच्या जुन्या लोकबोली एकाच कुळातल्या, आलेमानिक. मी त्या ट्रामने दिवसभर फिरले. सीमा कधी ओलांडली ते पाट्यांवरून कळायचं, माणसांवरून नाही. एक संस्कृती संपते आणि दुसरी सुरू होते अशी रेघ माझ्या डोक्यात होती, ती त्या दिवशी पुसट झाली.

महिनाभर राहणाऱ्या पाहुण्यांमुळेच स्थानिकांची घरभाडी वाढतात असं वाचलं. मग संथ प्रवास त्यांच्यासाठी जास्त वाईट नाही का?

हा प्रश्न टाळता येणार नाही. सुमारे दहा हजार पर्यटक-फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत, असं बार्सिलोनाच्या नगरपालिकेने २०२४ मध्ये जाहीर केलं. व्हेनिसने त्याच वर्षी ठरावीक दिवशी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली, पण शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते द्यावं लागत नाही. एका शहराला धावते पाहुणे खुपतात, तर दुसऱ्याला पाहुण्यांसाठी रिकामी ठेवलेली घरं.

म्हणून मी स्वतः अख्खा फ्लॅट घेत नाही. मालक जिथे स्वतः राहतो अशा घरातली खोली किंवा लहान अतिथीगृह घेते. गर्दीचा हंगाम टाळते. आणि जिथले रहिवासी पाहुणे नकोत म्हणून रस्त्यावर उतरलेत, तिथे जातच नाही. जगात गावं पुष्कळ आहेत.

जाण्याआधी भाषा किती शिकावी? माझं वय ६४ आहे, नवे शब्द लक्षात राहत नाहीत.

आकडे, नमस्कार आणि आभार एवढं पुरे. पण एक वाक्य मात्र घोटून पाठ करा : ‘याला काय म्हणतात?’ ते विचारलं की समोरचा शिक्षक होतो आणि आपण विद्यार्थी. ओळख व्हायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

शिकोकूत एका बसथांब्यावर मी विसावले होते. शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक शाळकरी मुलगा. मी तिथल्या चाळिशीतल्या एका बाईंना ‘ओबाआसान’ म्हणाले. मुलाचे डोळे विस्फारले. ‘ओबासान’ म्हणजे मावशी, आणि मधला ‘बा’ लांबवला की आजी. त्याने मला समोर उभं केलं आणि टाळ्या वाजवून शिकवलं : ओ-बा-सा-न, चार टाळ्या. ओ-बा-आ-सा-न, पाच. माझी चूक झाली की तो मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याची बस येईपर्यंत आमचं हेच चाललं. बस सुटली तेव्हा तो मागच्या खिडकीशी येऊन उभा राहिला आणि काचेआडून मोजून चार टाळ्या वाजवल्या.