वाचकांचे प्रश्न : फायबरचं उभयचर विमान

प्रश्न : सांगलीत माझं फायबरग्लासचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या आणि होड्या बनवतो. जमिनीवर आणि पाण्यावरही उतरणारं विमान किट मागवून घरी बांधता येतं म्हणे. माझा अनुभव पुरेल का? कृष्णेत आयर्विन पुलापाशी उतरवता येईल का?
– एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : तुमचा हात नक्की कामी येईल, पण काही सवयी मोडाव्या लागतील. मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीत काम केलं, त्यामुळे हे कळकळीने सांगतो.

टाकीला तुम्ही पॉलिस्टर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि मॅट (काचतंतूंची चटई) वापरता. थंडीत कॅटलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) जरा वाढवलं की माल लवकर बसतो. विमानाला इपॉक्सी हे वेगळं रेझिन लागतं, त्यात हे अजिबात चालत नाही. त्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळायचा हार्डनर जास्त पडला तर तो तसाच उरतो आणि थर कच्चा राहतो. म्हणून दर वेळी काट्यावर तोलूनच घ्या. काचेचं कापड भिजून पारदर्शक झालं की थांबा. त्यापुढचं रेझिन म्हणजे नुसतं वजन. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, घासून न काढता पुढचा थर दिलात, तर वरून सगळं छान दिसेल आणि आतून जोड सुटेल. जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोली आणि डीह्युमिडिफायर हवाच. रंग पांढराच द्या, गडद रंगाखाली उन्हात तापून इपॉक्सी मऊ पडतं.

अशा विमानांच्या किटांमध्ये ‘सीरे’चा सांगाडा नळ्यांचा, पंख कापडी आणि फक्त तळ कंपोझिटचा, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाच्या थरांचा. ‘सीविंड’ हे जुनं किट मात्र पूर्ण कंपोझिटचं. दोन्हींत पाणी उडू नये म्हणून इंजिन उंचावर असतं, त्यामुळे थ्रॉटल दिला, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवला, की नाक खाली दबतं. हे वेगळं शिकावं लागतं.

चाकांचंही तसंच. धावपट्टीवर ती खाली हवीत; पाण्यावर खाली राहिली तर विमान कोलांटी खातं. उतरण्याआधी मोठ्याने म्हणा, ‘पाणी, चाकं वर!’

पुलापाशी तारा, होड्या, घाटावर माणसं. तो विचार सोडाच. पैसे भरण्याआधी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) परवानगी आणि नोंदणीची चौकशी करा. तोवर या पावसाळ्यात वीतभर लांबीचे चार नमुने करा, वाकवून मोडा आणि थर कुठे सुटतो ते बघा. निकाल मला जरूर कळवा.