ट्रॉलीला रंग देण्यापूर्वी
आपण ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली घेतली आहे, तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी तारेच्या ब्रशने सुटलेला गंज काढून पत्रा थिनरने पुसून घ्यावा, कारण गंजावर चढवलेल्या रंगाचे पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघतात. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे रंगाआधी लावायचा लाल अस्तराचा थर, पाणी अडवत नाही. त्यावर इनॅमल रंगाचे 2 हात हवेतच. मे महिन्यात आपल्या विदर्भात दुपारी पत्र्याला हात लाववत नाही, म्हणून हे काम सकाळीच उरकावे. माझ्या ट्रॉलीचा बाकी पत्रा शाबूत असताना फाळक्याच्या, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या, बिजागरीखालचा कोपरा तेवढा सडला, कारण सांडलेले पोटॅश खत तिथे सोयाबीनच्या कुटाराखाली (भुशाखाली) ओलेच राहत असे. खत वाहिल्यावर ट्रॉली धुऊन, फाळका उघडा ठेवून वाळवावी.