जूमला ३ वरची देवस्थानाची वेबसाइट नवीन आवृत्तीवर नेताना मराठी मजकूर कसा सांभाळावा?

तुम्ही लिहिलंय की फोंडा तालुक्यातल्या तुमच्या देवस्थानाची साइट जूमला ३ वर (जूमला म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांची, यादी कोणीतरी डेटाबेसमध्ये वेगळं टेबल करून त्यात भरलीय, आणि होस्टिंगवाले आता जुनं पीएचपी, म्हणजे जूमला ज्या भाषेत चालतं तिची जुनी आवृत्ती, बंद करणार आहेत. मी मडगावला हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जूमला ३ चा आधार, म्हणजे त्याच्या दुरुस्त्या मिळणं, १७ ऑगस्ट २०२३ ला संपला. त्यामुळे हलायला हवंच, पण जत्रेच्या तोंडावर नको. जत्रा होऊन जाऊ द्या.

पहिलं काम बॅकअप. अकीबा बॅकअप या जूमलाच्या बॅकअप एक्स्टेंशनने (जोड-सॉफ्टवेअरने) फाइली आणि डेटाबेस दोन्ही घ्या आणि ती फाइल होस्टिंगवर न ठेवता स्वतःच्या संगणकावर उतरवा. मग तिथेच एक्झाम्प (संगणकावरच साइट चालवून देणारं सॉफ्टवेअर) टाकून त्या बॅकअपमधून साइट पुन्हा उभी करा. जो बॅकअप एकदाही उघडून पाहिला नाही, त्याच्या भरवशावर मी कोणाच्याच साइटला हात लावत नाही. साइट उभी राहिली की महाजनांची यादी उघडा आणि नावं वाचा. पाच-दहा नव्हे, सगळी पानं चाळा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. एका वाचनालयाची साइट हलवताना पुस्तकांची यादी अशाच हाताने केलेल्या टेबलात होती. टेबलाचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-१, म्हणजे युरोपीय अक्षरांपुरता, आणि आत भरलेलं मात्र युनिकोड मराठी. जुन्या साइटवर सगळं नीट दिसायचं, कारण लिहिताना आणि वाचताना एकच चूक होत होती. मी नव्या डेटाबेसमध्ये यादी भरली आणि ‘ज्ञानेश्वरी’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. एक लक्षात ठेवा: अक्षरांऐवजी विचित्र युरोपीय अक्षरांची रांग दिसली तर मजकूर बहुतेक वेळा परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हं आली तर त्या प्रतीतला मूळ मजकूर गेला, मग मूळ बॅकअपच कामाला येतो. तो माझ्याकडे होता म्हणून यादी बचावली. तुमच्या टेबलाचा कॅरेक्टर सेट आधीच पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस उघडून पाहायच्या साधनात) पाहून ठेवा. आणखी एक, हे टेबल जूमलाचं नाही, त्यामुळे अपग्रेड त्याला हात लावणार नाही. पण ते पानावर दाखवणारा कोड मात्र तुम्हाला नव्याने लिहून घ्यावा लागेल.

पुढचं सगळं त्या संगणकावरच्या प्रतीवर करा. आधी ३.१० वर या. तिथे जूमला अपडेटच्या ऑप्शन्समध्ये ‘जूमला नेक्स्ट’ निवडलंत की कुठलं एक्स्टेंशन पुढे चालेल आणि कुठलं नाही ते दिसतं. न चालणारी काढा किंवा पर्याय शोधा. मग ४.४, आणि त्यानंतर ५. थेट ३ वरून ५ वर उडी घेता येत नाही. जूमला ५ ला पीएचपी किमान ८.१ लागतं, पण ते ४.४ वर पोचल्यावर वाढवा, ३.१० असताना ७.४ ठेवलं तर त्रास कमी.

४ वर गेल्यावर पानाच्या उजवीकडचे चौकोन, म्हणजे मॉड्यूल, गायब झालेले दिसतील. तुमचं टेम्प्लेट (साइटच्या मांडणीचा साचा) प्रोटोस्टार असेल तर ते ४ मध्ये नाहीच, त्याच्या जागी कॅसिओपिया येतं. मॉड्यूल हरवलेली नसतात, फक्त ‘पोझिशन-७’ ही जागाच नव्या टेम्प्लेटमध्ये नसते. प्रत्येक मॉड्यूल उघडून ‘साइडबार-राइट’ द्या, परत दिसतील. इथे घाबरून पुन्हा सगळं भरायला बसणारी माणसं मी पाहिली आहेत, तसं करू नका.

प्रत नीट चालली की तीच होस्टिंगवर चढवा. मधल्या काळात कोणी जुन्या साइटवर नवं काही टाकू नये हे समितीला आधीच सांगा, नाहीतर तेवढे दिवस वाया जातील. आणि तो पहिला बॅकअप पेनड्राइव्हवर घालून देवस्थानच्या कपाटात, हिशेबाच्या वह्यांबरोबर ठेवायला द्या.