डी अँड डीमध्ये पात्रांचे गुण फाशांवर सोडावेत की सगळ्यांना सारखे द्यावेत?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ, आणि त्यात प्रत्येक पात्राला ताकद, बुद्धी असे सहा गुण आकड्यांत असतात. तुम्ही लिहिलंय की चौघांनीही एकेका गुणासाठी चार फासे टाकून सगळ्यात लहान वगळायची आणि उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची रीत वापरली, तरी एकाला १८, १७, १६ पडले आणि दुसऱ्याचा सर्वांत मोठा आकडा १३ निघाला. यात कुणाची लबाडी नाही, त्या रीतीचा हिशेबच तसा आहे. एका आकड्याची सरासरी १२.२४ येते आणि १८ पडायची शक्यता १.६ टक्के असते. चौघांचे मिळून २४ आकडे होतात. म्हणजे साधारण तीन गटांपैकी एकात कुणाला तरी १८ पडणारच.

१९७४च्या मूळ नियमांत तीन फासे टाकत, पण तेव्हा १८ स्ट्रेंथ (ताकद) असूनही वार जास्त लागत नसे, फक्त एक्स्पीरियन्स (पातळी वाढवणारा अनुभव) थोडा जास्त मिळे. नशिबाने फारसं बिघडत नव्हतं. पाचव्या आवृत्तीत मात्र प्रत्येक आकड्यातून मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, निघतो (१० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक खाली ओढा), आणि वीसपैलू फाशावर +१ म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १२ आणि १६ असलेल्या दोघांत दहाव्या पातळीला २० हिट पॉइंट्सचं (किती मार सोसेल त्याचं) अंतर पडतं. १८ वाला बॅकग्राउंडचे (पात्राच्या पूर्वायुष्यामुळे मिळणारे) २ घालून पहिल्याच दिवशी २० वर बसतो. १६ वरून निघालेल्याला बहुतेक क्लासमध्ये (पात्रांच्या पेशांत) तिथवर पोचायला आठवी पातळी उजाडते. सहा महिने चालणाऱ्या खेळात हे रोज बोचतं.

पॉइंट बायमध्ये, म्हणजे पॉइंट खर्चून गुण विकत घ्यायच्या रीतीत, प्रत्येकाला २७ पॉइंट मिळतात आणि सगळे गुण ८ पासून सुरू होतात. १३ पर्यंत एकेका पायरीला एक पॉइंट, १४ आणि १५ च्या पायरीला दोन-दोन. म्हणून १३ ला ५, १४ ला ७, १५ ला ९. स्टँडर्ड अ‍ॅरे, म्हणजे सगळ्यांना सारखा द्यायचा तयार संच (१५, १४, १३, १२, १०, ८), याच हिशेबाने बरोबर २७ चा आहे. वरच्या पायऱ्या महाग ठेवल्यात ते योग्यच आहे. बेरीज सारखी असली की ताकद सारखी होत नाही. सहाही गुण १२ असलेलं पात्र आणि १८, १४, १२, १२, १०, ६ असलेलं पात्र, दोघांची बेरीज ७२, मॉडिफायरची बेरीजही +६. पण विझार्डला (जादूगाराला) जवळजवळ सगळं काम इंटेलिजन्सवर करायचं असतं, त्यामुळे दुसरा संच कितीतरी भारी. ठरावीक आकड्यांचे अठरा पत्ते पिसून प्रत्येक गुणाला तीन-तीन वाटायची पद्धत काही जण वापरतात. बेरीज सारखी राहते, हा दोष तसाच राहतो.

पॉइंट बायचीही खोट आहे. १५, १५, १५, ८, ८, ८ बरोबर २७ ला बसतं, आणि ज्याला एकदोन गुणच लागतात त्याचं फावतं. मंक (लढवय्या साधू) आणि पॅलॅडिनला (धर्मयोद्ध्याला) तीन गुण हवे असतात, ते १५ केले की बाकीचे तिन्ही ८ वरच राहतात, त्यांची ओढाताण होते.

फासे टाकायची मजा तुम्हाला सोडायची नसेल, तर माझं स्पष्ट मत असं: सगळ्या टेबलासाठी एकच संच टाका. चार खेळाडूंनी एकेक आकडा काढायचा, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) दोन. ते सहा आकडे सर्वांचे, कुठे कुठला ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. मॉडिफायरची बेरीज +३ ते +८ मध्ये नसेल तर अख्खा संच रद्द करून पुन्हा टाका. स्टँडर्ड अ‍ॅरेची बेरीज +५ येते, त्यावरून अंदाज येईल. या दोन्ही मर्यादा पहिला फासा पडायच्या आधी कागदावर लिहा. तिसऱ्या आवृत्तीत फक्त खालची मर्यादा होती: मॉडिफायरची बेरीज शून्य किंवा कमी, किंवा सर्वांत मोठा आकडा १३ किंवा कमी असेल तर पुन्हा टाकायची मुभा. वरून लगाम नसल्याने अशा नियमात वाईट संच गळतात, अफाट संच राहतात, आणि दरी पूर्ण बुजत नाही. फासे सर्वांसमोर टाका. घरून आकडे आणायला सांगितलं की प्रामाणिक माणसावरही संशय येतो.

तुमचा खेळ सुरू झालाय, म्हणून १८ वाल्याचे आकडे कापू नका, तो उगाच दुखावेल. १३ वाल्याला स्टँडर्ड अ‍ॅरे किंवा २७ पॉइंट घेऊन पात्र पुन्हा मांडू द्या. सगळ्यांनाच तो मोठा संच द्यायचा ठरवलंत, तर चालेल, पण मग डीएमने राक्षसांची संख्या वाढवायला हवी, नाहीतर लढाया दोन फेऱ्यांत संपतील.