कानात सांगितलेले नाव

लीड्स, १७ ऑगस्ट २०२५

चि. छकुली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गिरगावात झालेल्या बाळाच्या बारशानंतर वहीच्या पानावर लिहून आईच्या फोनवरून तू पाठवलेले दोन्ही प्रश्न मिळाले. "बाळाला आपण फेब्रुवारीपासून त्याच्या नावानेच हाक मारतो, पासपोर्टवरही ते नाव आहे, मग आत्याने ते परत त्याच्या कानात का सांगितले?" हा पहिला, आणि "बाळाच्या नावात आईचे नाव आहे, माझ्या नावात का नाही?" हा दुसरा. दोन्हींची उत्तरे फोनवर घाईघाईने देण्यासारखी नाहीत, म्हणून आजची सकाळ या पत्रासाठी राखून ठेवली.

गेल्या सप्टेंबरात आपण मुंबई सोडून इथे आलो, तेव्हा बाळ आईच्या पोटात होते. पुलांच्या तपासणीच्या कामासाठी मला आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी राहावे लागे, आणि त्या काळात आईच्या हाताशी घरात फक्त तू होतीस, हे मी विसरलेलो नाही. बाळ झाले तेव्हा आजीला एवढा प्रवास झेपणारा नव्हता आणि आत्याला शाळेच्या परीक्षांमुळे रजा मिळत नव्हती. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद बेचाळीस दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे आपण चौघे नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी नाव संगणकावर लिहिले, एकेक अक्षर आपल्याकडून तपासून घेतले आणि दाखला हातात दिला. बाळाच्या भारतीय नागरिकत्वासाठी परदेशातल्या जन्माची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीतही करावी लागते, तीही केली, आणि त्यानंतरच त्याचा पासपोर्ट निघून तुम्हाला विमानात बसता आले. या सगळ्या कागदांमुळे दोन्ही देशांच्या सरकारांना त्याचे नाव कळले. गिरगावच्या आपल्या चाळीत मात्र ते अजून कोणी कोणाच्या तोंडून रीतसर ऐकलेले नव्हते.

आपल्याकडे जन्मानंतरचे दहा दिवस सोयर पाळतात आणि बाराव्या दिवशी नाव ठेवतात. बारसे हा शब्द त्या बारावरूनच आला आहे. त्या दिवशी आईने इथे हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या होत्या, त्या आपण तिघांनी खाल्ल्या, हे तुला आठवत असेल. फोन बाळाच्या कानाशी धरतो, तू तिथून नाव सांग, असे मी आत्याला सुचवले होते. तिने ते ऐकले नाही. "तुम्ही नावाने हाक मारा, त्याला माझी ना नाही," ती म्हणाली, "पण कुर्र मी त्याच्या कानाशी तोंड नेऊनच करणार." तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आता वाटत नाही.

आत्याच का, याचे उत्तर त्या बोलण्यातच आहे. आत्या म्हणजे या घरात जन्मलेली आणि लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली मुलगी. ती गेली तरी या घरावरचा तिचा हक्क सुटत नाही, आणि तो सगळ्यांसमोर बजावण्याची जागा म्हणजे भावाच्या मुलाचा पाळणा. कुंची, झबले, टोपडे ती आणते आणि नावही तीच सांगते. बाळ मोठे होऊन त्याला मूल होईल, तेव्हा हा मान तुझा असेल. तू कुठल्याही देशात असलीस तरी तुझ्यासाठी थांबावे लागेल.

बारशाच्या दिवशी तू पाळण्याची दोरी धरून उभी होतीस, म्हणून तू जे पाहिलेस तेच पुन्हा सांगतो. आधी आजीने वरवंट्याला टोपडे घालून तो पाळण्यात ठेवला. मग दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायकांनी "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हाती दिले. आत्या वाकली, तशा मागून सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. बारा दिवसांचे बाळ झोपून असते. आपले सहा महिन्यांचे, त्यामुळे त्याने आत्याचे मंगळसूत्र मुठीत धरले आणि सोडेना. तिचे "कुर्र" होऊन नाव सांगून झाले तरी तिला मान वर करता येईना, आणि त्या दोन-तीन मिनिटांत खोलीतल्या प्रत्येकीने, मंगळसूत्र सोडवण्यासाठी का होईना, बाळाला त्याच्या नावाने हाक मारली. शेजारच्या काकू मला आजही "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" असे बजावतात, आणि परवा बाळाच्या घुगऱ्यांची वाटी घेतानाही त्या हेच म्हणाल्या. लीड्सच्या कार्यालयात त्याला नाव मिळाले, पण त्या नावाने त्याला जन्मभर हाका मारणारी माणसे त्याला गिरगावात मिळाली. परत नाव सांगितले ते त्यांच्यासाठी.

आता दुसरा प्रश्न. आजी तुला चौपाटीवर नेते तेव्हा लोकमान्यांचा पुतळा दाखवते. बाळ गंगाधर टिळक या नावातले गंगाधर हे त्यांच्या वडिलांचे नाव. आधी आपले, मग वडिलांचे, मग आडनाव, ही आपली जुनी रीत. लग्नानंतर बाईच्या नावात वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते, तसे आईच्या नावात माझे आले. तू २०१७ साली मुंबईत जन्मलीस, तेव्हा याच रीतीने मी तुझ्या नावापुढे माझे नाव लिहिले. आईचे लिहावे असे मला सुचले नाही, आणि त्यासाठी दुसरे कारण मी देणार नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवले की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम असावा. बाळ इंग्लंडमध्ये जन्मल्यामुळे आपल्यावर तसे बंधन नव्हते, तरी आईने आणि मी तोच क्रम ठेवला, कारण तो आम्हाला योग्य वाटतो. तू आधी जन्मलीस म्हणून तुझे तेवढे राहिले. तुझ्या कागदपत्रांत बदल करायचा असेल तर त्याची खटपट मी करीन. तोपर्यंत सप्टेंबरच्या नव्या वह्यांवर तुला हवे तसे नाव घाल. लिहून बघ, मोठ्याने म्हणून बघ, आणि रविवारी मला सांग.

एक काम तुझ्याकडे देतो. पाळणा पोटमाळ्यावर परत ठेवू नका, गणपतीनंतर तळमजल्यावरच्या ताईकडे तो लागणार आहे. त्याच्या दोऱ्या पावसात दमट झाल्या असतील. ऊन पडेल त्या दिवशी आत्याला सांगून त्या गॅलरीत वाळत घाल आणि कड्यांना थोडे तेल लाव. त्याच पाळण्यात माझ्याही कानात नाव सांगितले गेले होते.

आजीला शिरसाष्टांग नमस्कार, बाळाला पापा.

तुझा,
बाबा