यूपीएस घेतला म्हणजे टीव्ही आणि फ्रिज सुरक्षित झाले का?

रत्नागिरीजवळच्या आपल्या घरी व्होल्टेज सतत कमी-जास्त होते, म्हणून टीव्ही, संगणक आणि फ्रिज या सर्वांना यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारे यंत्र) लावावा का, असे आपण विचारले आहे. मी देवगड तालुक्यात राहतो. माझ्या मते संगणक आणि राउटरला तो जरूर लावावा, फ्रिजला लावू नये, आणि त्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

दुकानात मिळणारा सर्वांत साधा यूपीएस ऑफलाइन प्रकारचा असतो. वीज असेपर्यंत तो तारेतून येईल ते व्होल्टेज जवळजवळ तसेच पुढे देतो आणि ते फारच घसरले की बॅटरीवर जातो, त्यामुळे रोज संध्याकाळी दिवे मंदावणाऱ्या आपल्या गावांत त्याची बॅटरी लवकर संपते. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकार 230 ऐवजी 180 व्होल्ट आले तरी बॅटरीला हात न लावता ते वर उचलून देतो, म्हणून तोच मागून घ्यावा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, जो लहान यूपीएसला पेलत नाही. त्याला वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर हवा.

खरा धोका मात्र न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, तुटण्याचा असतो. एका पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडली, तेव्हा आमचे दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले आणि मेन स्विचपर्यंत पोहोचेतो जळका वास सुटला होता. थ्री-फेज (तीन वीजवाहक तारांच्या) लाइनचा न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. यूपीएस जळाला, त्यामागचा संगणक वाचला. थेट भिंतीवर जोडलेला टीव्ही गेला. त्यानंतर मी मीटरजवळ व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा प्रोटेक्टर बसवून घेतला, जो खरे तर यूपीएसच्या आधी घ्यायला हवा होता.

विजेच्या कडकडाटात यातले काहीच पुरेसे नाही. प्लग आणि केबलची तार दोन्ही काढून ठेवावीत. अर्थिंगचे म्हणाल, तर आपल्याकडचा जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि खाऱ्या हवेने अर्थिंगच्या तारेचा क्लॅम्प गंजतो, मग अर्थिंग नीट काम करत नाही. क्लॅम्प मी दर वर्षी वायरमनकडून उघडून घासून घेतो, आणि मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात एक दिवसाआड दोन कळश्या पाणी ओततो.